१७.७ ज्यूल : एका छऱ्याच्या बंदुकीचे प्रकरण

वस्तू साधी आहे. ०.१७७ इंची म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाच्या नळीची एअर रायफल. नळी खाली मोडायची, स्प्रिंग दाबली जाते, एक छर्रा भरायचा, नळी सरळ करायची, चाप ओढायचा. पुण्यातल्या दुकानातून ओळखपत्र दाखवून घेतलेली, परवाना नाही, कारण लागत नाही. आता घरातल्या थोरल्याची बदली लीड्सला झाली आहे, धाकटी न्यू जर्सीतल्या एडिसनला चालली आहे. मावशी टोरँटोत, चुलतभाऊ सिडनीत. बंदूक कुणी नेली तर काय होईल, हा प्रश्न.

कुटुंब हिशेबासाठी कल्पिलेले आहे आणि रायफलीचे मोजमापही धरून चाललेले आहे. कायदे मात्र खरे आहेत. रायफल सगळीकडे तीच, छर्रा तोच, तरी ती एका ठिकाणी अग्निशस्त्र आहे पण परवाना नको, दुसरीकडे अग्निशस्त्रच नाही, तिसरीकडे घरात सापडली तर तुरुंग. फरक ज्यूलच्या, म्हणजे छऱ्याच्या ऊर्जेच्या, आकड्यांतला असावा असे आधी वाटते. थोडे खोलात गेले की कळते, प्रत्येक कायदा मुळात वेगळाच प्रश्न विचारतो आहे.

आधी मोजमाप

खोक्यावरच्या आकड्यावर कधीही भिस्त ठेवू नये. विक्रेते वेग फुगवून छापतात आणि तोही हलक्यातल्या हलक्या छऱ्याचा. कायद्याला बहुतेक ठिकाणी वेग नको असतो, ऊर्जा हवी असते. ती काढायची रीत शाळेतलीच : वस्तुमानाचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग. छऱ्याचे वजन डबीवर ग्रेनमध्ये असते, १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. वेग क्रोनोग्राफ या छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर मिळतो.

आपल्या रायफलीत ८.४ ग्रेनचा, म्हणजे ०.५४४ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २५५ मीटर वेगाने बाहेर पडतो असे धरू. ऊर्जा येते १७.७ ज्यूल. ७ ग्रेनचा हलका छर्रा २७५ मीटरने गेला तर १७.२ ज्यूल, १०.५ ग्रेनचा जड छर्रा २२२ मीटरने गेला तर १६.८. एकच बंदूक, तीन छरे, तीन आकडे. स्प्रिंगच्या बंदुकीत जड छऱ्याला ऊर्जा थोडी कमी मिळते. दाबाच्या हवेची टाकी असलेल्या रायफलीत बहुधा उलटे होते, जड छर्रा जास्त ऊर्जा घेऊन निघतो. म्हणून ‘माझी बंदूक अमुक ज्यूलची’ हे वाक्य अर्धवट आहे, कुठल्या छऱ्याने हे सांगावे लागते. मर्यादेच्या काठावरच्या बंदुकीला हलके, मध्यम, जड असे निदान तीन प्रकारचे छरे प्रत्येकी दहा वेळा मारून सर्वांत मोठा आकडा धरावा. सरासरी धरू नये.

स्प्रिंगच्या बंदुकीत आणखी एक घोळ होतो. पिस्टनच्या पुढे तेल राहिले असेल तर हवा दाबली जाताना तापते आणि ते तेल पेट घेते. नळीतून धूर येतो, आवाज जोराचा होतो आणि वेग एकदम चढतो. तेलपाणी केल्यावरचे पहिले काही बार म्हणून मोजणीत धरत नाहीत. पण ही सवलत मोजणाऱ्याची आहे, कायद्याची नव्हे. त्या पहिल्या बारांत मर्यादा ओलांडली गेली आणि नेमकी तेव्हाच तपासणी झाली, तर मालकाला समजावत बसावे लागते.

भारत : अग्निशस्त्र, पण सूट

शस्त्र अधिनियम, १९५९ मधल्या कलम २(१)(ई) प्रमाणे अग्निशस्त्र म्हणजे कुठल्याही प्रकारचे प्रक्षेप्य (गोळी, छर्रा असे फेकायचे काही) स्फोटकाच्या किंवा ‘इतर प्रकारच्या ऊर्जेच्या’ जोरावर फेकण्यासाठी बनवलेले वा त्यासाठी बदलून घेतलेले शस्त्र. या ‘इतर प्रकारच्या ऊर्जे’त सारे आले. दाबलेली हवा ही ऊर्जा, ताणलेली स्प्रिंग ही ऊर्जा. म्हणजे पुण्यातली आपली रायफल भारतीय कायद्याने सरळसरळ अग्निशस्त्र आहे. दुकानदार ‘ही बंदूक नाही हो, एअरगन आहे’ म्हणतो ते चूक आहे.

मग गोफण? जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसून गोफण फिरवणाऱ्याचीही ऊर्जाच असते की. तिथे आधीचे कलम आड येते. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी असलेल्या वस्तू वगळल्या आहेत. लाठी आणि चालायची साधी काठी ही उदाहरणे कायद्यातच दिली आहेत. खेळण्यापलीकडे उपयोग नसलेल्या आणि कामाच्या शस्त्रात बदलता न येणाऱ्या वस्तूही बाहेर आहेत. आधी शस्त्र ठरायचे, मग अग्निशस्त्र, अशी ही चाळणी आहे.

रायफल मात्र चाळणीत अडकते. ती परवान्याविना घरात राहू शकते, कारण तिला सूट आहे. शस्त्र नियम, २०१६ मध्ये दोन अटी आहेत. नळी ०.१७७ इंचापेक्षा मोठी नको आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलच्या वर नको. त्याआधी छर्रा लाकडी फळीत किती शिरतो यावर परीक्षा होती. फळी जाऊन ज्यूल आले हे बरे झाले, फळीला ओल असली की निकाल बदलायचा.

घोडे पेंड खाते ते या दोन अटींपाशी, कारण दोन्ही एकाच वेळी पाळाव्या लागतात. ०.२२ इंची एअर रायफल अगदी १२ ज्यूलची असली तरी परवाना लागतो, नळी मोठी आहे. ०.१७७ची असूनही २१ ज्यूल निघाली तरी लागतो. आपली १७.७ची बसते. ०.५४४ ग्रॅमच्या छऱ्याला २० ज्यूल गाठायला सेकंदाला सुमारे २७१ मीटर वेग पुरतो, म्हणजे आपल्या रायफलीच्या वेगात केवळ सहा टक्के भर पडली की मर्यादा संपली. हौशी माणूस ‘जरा जोर वाढवू’ म्हणून जड स्प्रिंग बसवून घेतो. बाहेरून बंदूक तशीच दिसते, बिल तेच, खोकेही तेच. पण त्या दिवसापासून तो परवान्याविना अग्निशस्त्र बाळगतो आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम २५(१बी)(ए) खाली त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. मेकॅनिकच्या लक्षात हे नसते, गिऱ्हाइकाच्या तर नसतेच.

सूट मिळाली म्हणजे वस्तूचे अग्निशस्त्रपण पुसले गेले असे नाही. सूट फक्त शस्त्र कायद्यातल्या परवान्यापुरती. बाकीचे कायदे आपापली व्याख्या घेऊन उभेच असतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ घ्या. त्यातल्या कलम २(३५) मध्ये ‘शस्त्र’ या शब्दात दारूगोळा, धनुष्यबाण, अग्निशस्त्रे, चाकू, गळ, जाळी, विष, फास, सापळे आणि प्राण्याला भूल देणारे, भुलवणारे, जखमी करणारे किंवा मारणारे कुठलेही साधन येते. तिथे ज्यूलला कुणी विचारत नाही. कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीविना अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरता येत नाही. राधानगरीला जाताना गाडीच्या डिकीत ‘परवाना लागत नाही ना’ म्हणून टाकलेली हीच रायफल नाक्यावर गुन्ह्याचा मुद्देमाल होऊ शकते. होला किंवा तित्तिर पाडला तर तो वेगळाच गुन्हा. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली लोकांनी एअरगन स्वखुशीने जमा कराव्यात म्हणून मोहीमच काढावी लागली, कारण परवान्याविना मिळणाऱ्या या बंदुकांनी जंगलातले पक्षी संपत चालले होते. सूट देणाऱ्या कायद्याने माणसाच्या जिवाचा हिशेब केला होता, पाखराच्या नाही.

तिसरी व्याख्या आपल्या घराजवळची. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातल्या कलम ३७ चे मनाई आदेश सणासुदीला, मोर्चांच्या काळात वर्तमानपत्रांत येतात. त्यात शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुऱ्या, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगून फिरायला बंदी घालता येते. शस्त्र अधिनियमाने आवर्जून सोडलेली लाठी इथे नाव घेऊन पकडली आहे. आदेश लागू असताना रायफल खांद्यावर टाकून नेमबाजीच्या रेंजवर निघालेल्या मुलाला ‘२० ज्यूलच्या आत आहे’ हे उत्तर कामाचे नाही. बंद पेटी, सोबत क्लबचे ओळखपत्र आणि थेट रेंजचा रस्ता, एवढे पाळावे.

आणि सीमाशुल्क (कस्टम्स) खात्याची चौथी. जगभर वापरल्या जाणाऱ्या मालाच्या वर्गवारीत स्फोटकाने चालणारी रायफलीसारखी अग्निशस्त्रे शीर्षक ९३०३ मध्ये आहेत, तर स्प्रिंग, हवा आणि वायूच्या बंदुका ९३०४ मध्ये, ‘इतर शस्त्रे’ म्हणून, पोलिसी दांडक्यांच्या शेजारी. म्हणजे गृह खात्याच्या कायद्यात जी अग्निशस्त्र आहे, ती बंदरावरच्या कागदात नाही. घरसामान पाठवताना एका फॉर्मवर एक आणि दुसऱ्यावर दुसरे लिहिले जाते ते यामुळेच. आयातीचे निर्बंध मात्र दोन्ही शीर्षकांना असू शकतात, तेव्हा ९३०४ म्हणजे मोकळे रान असे समजू नये.

लीड्स : दीड ज्यूलने बुडालेले जहाज

इंग्लंडमध्ये अग्निशस्त्र अधिनियम, १९६८ आहे. त्याचा गाभा ‘प्राणघातक नळीचे शस्त्र’ हा. कशाच्या जोरावर छर्रा उडतो याच्याशी या कायद्याला घेणे नाही, नळी आहे आणि घातक आहे एवढे पुरे. घातक म्हणजे किती, हे कायद्यात पन्नास वर्षे लिहिलेच नव्हते. न्यायालयाने १९६० साली, आधीच्या कायद्याखाली, साध्या एअरगनलाही घातक म्हटले, कारण डोळ्यासारख्या नाजूक जागी लागली तर जीव जाईल अशी इजा होऊ शकते. त्या न्यायाने जवळपास काहीही घातक ठरते. शेवटी पोलिसिंग अँड क्राइम ॲक्ट, २०१७ ने आकडा दिला. नळीच्या तोंडाशी १ ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर ते घातक नळीचे शस्त्र. खेळातल्या प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकांना थोडी ढील आहे. आपोआप चालणारीला १.३ आणि एकेक बार करणारीला २.५ ज्यूल.

म्हणजे इथेही आपली रायफल अग्निशस्त्र. भारतासारखीच इथेही पुढे सूट आहे आणि तीही ऊर्जेवर. एअर रायफलला १२ फूट-पाउंड, एअर पिस्तुलाला ६. त्याच्या वर गेली की १९६९च्या नियमांप्रमाणे ‘विशेष धोकादायक’. १२ फूट-पाउंड म्हणजे १६.२७ ज्यूल.

आपली १७.७.

पुण्यात २० च्या आत आरामात बसलेली बंदूक लीड्सला पोचताच प्रमाणपत्र लागणारे शस्त्र झाली. ते प्रमाणपत्र पोलीस देतात, बाळगण्याचे सबळ कारण आणि सुरक्षित साठवण पाहून. जड छऱ्याने १६.८ येते, तेही वरच. समजा एखाद्या छऱ्याने ती १६ वर आली असती तरी सुटका नव्हती. नियमाची भाषा ‘सोडू शकते’ अशी आहे, म्हणून कुठल्याही एका छऱ्याने मर्यादा ओलांडली तर ओलांडली. हिंदुस्थानी बंदुका नेणारे इथेच फसतात. दोन्ही देशांत ‘कमी ताकदीची एअर रायफल मोकळी’ हे वाक्य खरे असते आणि दोघांच्या ‘कमी’मध्ये पावणेचार ज्यूलचे अंतर असते.

नोंदणीकृत शस्त्र विक्रेत्याकडून स्प्रिंग हलकी करून घेता येते. पण ती त्याच्या हाती पडेपर्यंतच्या प्रवासात शस्त्र कुणाकडे होते, हा प्रश्न उरतोच. जोर कमी करायचा तर निघण्याआधी पुण्यात करावा, मोजून घ्यावा, आकडे कागदावर ठेवावेत आणि काठाला न चिकटता १५च्या आसपास आणावा. थंडी, नवी सील, वेगळा छर्रा यांनी अर्धा-एक ज्यूल सहज सरकतो.

१२ फूट-पाउंडच्या आतली असली तरी ती अग्निशस्त्र आहे, एवढे विसरायचे नाही. परवाना नको, पण अग्निशस्त्रांवरची बाकीची कलमे लागू. सार्वजनिक जागी रास्त कारणाशिवाय एअरगन बाळगणे गुन्हा, भरलेली असो वा रिकामी. तीन वर्षे वा अधिक कैद झालेल्याला ती हातात धरायचीही जन्मभर मनाई. व्यापाऱ्याने विकताना प्रत्यक्ष समोरासमोर हवाली करायची, टपालाने घरी नाही.

आणि लीड्सहून शनिवार-रविवार एडिंबराला? स्कॉटलंडने ३१ डिसेंबर २०१६ पासून १ ज्यूलच्या वरच्या एअरगनलाही प्रमाणपत्र लावले आहे. पाहुण्यांसाठी वेगळे परमिट असते, ते आधी काढावे लागते. उत्तर आयर्लंडमध्येही १ ज्यूलच्या वर प्रमाणपत्र. एकाच राजाच्या राज्यात, रेल्वेने तीन तासांच्या अंतरावर, तीच १५ ज्यूलची रायफल अलीकडे मोकळी, पलीकडे गुन्हा.

एडिसन : बंदूक नव्हे, आणि बंदूकच

अमेरिकेच्या संघीय कायद्याची व्याख्या १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टमधली. स्फोटकाच्या क्रियेने प्रक्षेप्य फेकणारे, तसे करण्यासाठी बनवलेले किंवा सहज तसे बदलता येणारे शस्त्र. शिवाय त्याचा सांगाडा म्हणजे रिसीव्हर, सायलेन्सर आणि बॉम्बसारखी विध्वंसक साधने. १८९८ किंवा त्याआधी बनलेली पुरातन शस्त्रे वगळली आहेत. अट एकच, स्फोटक. स्प्रिंग आणि हवा हे स्फोटक नव्हे, म्हणून १७.७ ज्यूलची रायफल संघीय पातळीवर अग्निशस्त्र नाही. शंभर ज्यूलची असती तरी नव्हती. इथे सूट देण्याचा प्रश्नच येत नाही, वस्तू व्याख्येच्या दाराबाहेर उभी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००१च्या अग्निशस्त्र प्रोटोकॉलनेही हाच स्फोटकाचा धागा धरला आहे.

याचा मराठी घरांशी थेट संबंध येतो तो एच-१बीमुळे. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला संघीय कायद्याने अग्निशस्त्र बाळगायला साधारणपणे मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद आहेत. एअर रायफल संघीय व्याख्येत बसत नाही, म्हणून ही मनाई तिला लागत नाही. इथवर ऐकून बरेच जण निर्धास्त होतात.

पण धाकटी चालली आहे न्यू जर्सीला. त्या राज्याच्या फौजदारी संहितेत अग्निशस्त्राच्या व्याख्येला एक शेपूट जोडले आहे. स्प्रिंग, रबरी पट्टा, कार्बन डायऑक्साइड, दाबलेली हवा किंवा वायू यांच्या जोरावर एका इंचाच्या तीन-अष्टमांशापेक्षा लहान व्यासाचा छर्रा, माणसाला इजा होईल इतक्या जोराने फेकणारी एअरगन म्हणजेही अग्निशस्त्र. तीन-अष्टमांश इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. आपला छर्रा साडेचार. झाले. एडिसनमध्ये ही रायफल घ्यायची तर स्थानिक पोलिसांकडून अग्निशस्त्र खरेदीदार ओळखपत्र काढावे लागते, बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणीसकट, जसे खऱ्या रायफलीसाठी.

या कलमाची गंमत अशी की पेंटबॉलची गोळी ०.६८ इंची असते, म्हणून ती या शेपटात सापडत नाही. कायदा करणाऱ्यांनी व्यास मोजला. त्यामुळे मोठा गोळा सुटला आणि लहान छर्रा अडकला. ज्यूलचा उल्लेख नाही, ‘इजा होईल इतका जोर’ एवढेच. दहा मीटरच्या ऑलिंपिक स्पर्धेची रायफल जेमतेम साडेसात-आठ ज्यूलची असते, तीही यात येते. पुण्या-कोल्हापुरात रेंजवर वाढलेल्या मुलीला हे अपमानास्पद वाटेल, पण ओळखपत्र काढल्याशिवाय इलाज नाही.

हडसन नदी ओलांडली की न्यूयॉर्क शहर. तिथल्या शहर संहितेने एअर पिस्तूल वा एअर रायफल नुसती जवळ ठेवायलाही मनाई केली आहे, परवानाधारक विक्रेते आणि अधिकृत रेंज अशा मोजक्या अपवादांसह. एडिसनचे ओळखपत्र खिशात असले तरी मॅनहॅटनच्या मित्राकडे बंदूक दाखवायला न्यायची नाही. संघीय कायदा राज्यांना मोठ्या माणसांना एअरगन विकण्यावर सरसकट बंदी घालू देत नाही, असे एक कलम आहे. परवान्याची अट घालणे मात्र त्याने थांबलेले नाही.

टोरँटो, सिडनी, आणि एक जर्मन खूण

कॅनडात दोन आकडे आहेत आणि दोन्ही ओलांडले तरच परवाना : वेग सेकंदाला १५२.४ मीटर आणि ऊर्जा ५.७ ज्यूल. एकही आकडा मर्यादेत राहिला तर रोजच्या परवान्यापुरती ती अग्निशस्त्र धरली जात नाही. आपली २५५ मीटर आणि १७.७ ज्यूल, दोन्हींत नापास, म्हणजे मावशीला बाळगणे आणि खरेदी यांचा परवाना काढावा लागेल. मर्यादेखालची एअरगनही गुन्ह्यात वापरली तर पुन्हा अग्निशस्त्र ठरते. फौजदारी संहितेची मूळ व्याख्या ‘गंभीर इजा वा मृत्यू घडवू शकणारे नळीचे शस्त्र’ अशी आहे आणि २०१४ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने छऱ्याच्या पिस्तुलाच्या प्रकरणात ती तशीच लावली. कॅनडाची ही दुहेरी मांडणी मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. कपाटातल्या बंदुकीला एक माप, रोखलेल्या बंदुकीला दुसरे.

न्यू साउथ वेल्समध्ये मापच नाही. १९९६च्या अग्निशस्त्र कायद्यात एअरगन नाव घेऊन समाविष्ट आहे आणि एअर रायफलीला अ वर्गाचा परवाना लागतो, ०.२२ रिमफायर या छोट्या काडतुसाच्या रायफलीच्या पंक्तीला. शिवाय व्याख्या म्हणते, शस्त्र आज चालत असो वा ‘कधीकाळी’ चालत असो. स्प्रिंग काढून भिंतीवर टांगलेली रायफलही अग्निशस्त्रच. आपल्याकडे उलट आहे. जुनाट धाटणीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडलेले आणि दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता न येणारे हत्यार कलम ४५ मध्ये सुटते.

जर्मनीची मर्यादा साडेसात ज्यूल. पण आकडा एकटा पुरत नाही, बंदुकीवर पंचकोनात ‘एफ’ ही खूण ठोकलेली हवी. सात ज्यूलची पण बिनखुणेची परदेशी रायफल परवान्याविना चालत नाही. तिथे मोजून दाखवण्यापेक्षा ठसा महत्त्वाचा, आणि तो विकत घेतल्यावर स्वतः ठोकता येत नाही.

नळीच्या टोकाला लावलेली नळकांडी

या प्रकरणात एक वस्तू मुद्दाम शेवटी ठेवली होती. पुण्याच्या रायफलीला आवाज कमी करणारे मॉडरेटर लावलेले आहे, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. बिचारा हेतू चांगला. कायद्यांना हेतू दिसत नाही.

भारतीय व्याख्या पुन्हा वाचा. अग्निशस्त्रात ‘आवाज किंवा ज्वाला कमी करणारी उपसाधने’ आणि सुटे भागही येतात. रायफलीला २० ज्यूलपर्यंत सूट आहे. सुट्या मॉडरेटरला ज्यूल कुठले? नळकांडी कुणाला काही फेकून मारत नाही. ती ज्या बंदुकीची आहे तिच्याबरोबर सुटते असा युक्तिवाद करता येईल, पण ती दुसऱ्या, खऱ्या रायफलीलाही बसते असे निघाले तर तो युक्तिवाद लंगडा पडतो. सुटा मॉडरेटर घेऊ नये हे बरे.

अमेरिकेत आणखी विचित्र. संघीय कायद्यात एअर रायफल अग्निशस्त्र नाही, पण सायलेन्सर स्वतः अग्निशस्त्र आहे. मग एअर रायफलीचा सायलेन्सर? २०१०मध्ये बोस्टनच्या फर्स्ट सर्किट अपील न्यायालयापुढे हेच प्रकरण आले. ते नळकांडे जुळणी केल्यास खऱ्या बंदुकीलाही चालू शकते, असे सरकारचे म्हणणे. न्यायालयाने शिक्षा रद्द केली. नुसते चालू शकणे पुरेसे नाही, त्यासाठीच केलेले असले पाहिजे, नाहीतर बटाटा किंवा उशीही सायलेन्सर ठरेल, असा त्यामागचा विचार. न्यू जर्सीत हे समाधान टिकत नाही, कारण तिथे एअर रायफलच अग्निशस्त्र आहे, आणि अग्निशस्त्राचा आवाज दाबणारे साधन ओघाने सायलेन्सर. नळीवर कायमची बसवलेली आवाजरोधक खोळ असलेली रायफल तिथे नेणे हा तर सरळ विषाची परीक्षा घेण्याचा प्रकार.

मग केले काय

कुटुंबाला द्यायचा सल्ला चार ओळींत मावतो. १७.७ ज्यूलची रायफल पुण्यातच ठेवावी. सोबत बिल, क्रोनोग्राफचे आकडे तारखेसह, आणि कुठल्या छऱ्याने मोजले त्याची डबी. मॉडरेटर काढून टाकावा. स्प्रिंग बदलायची झाली तर त्याच दिवशी पुन्हा मोजावे.

लीड्सच्या थोरल्याने तिथेच १२ फूट-पाउंडच्या आतली घ्यावी. नवी बंदूक स्वस्त पडते, जुनी मर्यादेत आणून नेणे महाग आणि जोखमीचे. धाकटीने आधी ओळखपत्राचा अर्ज करावा, मंजूर झाल्यावर बंदूक. तिची दहा मीटरची स्पर्धेची रायफल दाबाच्या हवेवर चालत असेल तर विमानतळावर अडचण बंदुकीपेक्षा टाकीची येते. भरलेली टाकी चालत नाही. अमेरिकेच्या विमानतळांवर झडप पूर्ण वेगळी करून आतून पाहता येईल अशी उघडी टाकीच चेक-इनमध्ये स्वीकारतात. शिशाच्या छऱ्यांत स्फोटक नसते, तरी विमान कंपनी आपल्या यादीत त्यांना दारूगोळा म्हणू शकते. तिकीट काढण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे, आणि मध्ये विमान बदलायचे असेल तर त्या देशाचेही. सामान जिथे पट्ट्यावरून एका विमानातून दुसऱ्यात जाते, तिथलीही एक व्याख्या असतेच.

अर्जात कुठे ‘तुमच्याकडे अग्निशस्त्र आहे का’ असा प्रश्न आला, तर त्याच फॉर्मच्या मागे किंवा नियमावलीत दिलेली व्याख्या वाचून मगच हो किंवा नाही लिहावे. पुण्याची व्याख्या एडिसनच्या फॉर्मवर चालत नाही, आणि उलटही नाही.